एक वजनकाटा, पंधरा कुंड्या आणि दोन सायकली

उन्हाळ्यात सायकलवर आठ-दहा दिवस जायचं ठरलं की घरातून पहिला प्रश्न सायकलबद्दल येत नाही. "आणि झाडांना पाणी कोण घालणार?" असा येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. सुट्टी मिळते नेमकी त्याच दिवसांत, आणि कुंडीतली झाडं एक दिवसही खाडा सहन करत नाहीत तेही त्याच दिवसांत.

पहिल्या खेपेला मी अंदाजावर निघालो. प्रत्येक कुंडीत पाण्याची बाटली उलटी खुपसली, शेजारी "जमलं तर एक नजर टाका" असं सांगितलं आणि मित्राबरोबर नऊ दिवसांसाठी बाहेर पडलो. परत आलो तेव्हा टोमॅटो उभेच्या उभे वाळले होते आणि पुदिना बोटांत धरताच चुरा झाला. कोरफड तेवढी शहाण्यासारखी बसून होती. शेजाऱ्यांना दोष कसा देणार? "जमलं तर" म्हणजे नाही जमलं तरी चालेल, असाच त्याचा अर्थ होतो. पण खरी गोष्ट वेगळीच. तिसऱ्या दिवशी रस्त्यावर आमचीही तीच गत झाली होती. भर अकरा वाजता दोघांत मिळून दीड लिटर पाणी, आणि पुढचं पाणी बावीस किलोमीटरवर. कुंडीला किती पाणी लागतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि मला स्वतःला किती लागतं तेही.

तेव्हापासून मी मोजतो. त्यासाठी घरात असतो तो, उभं राहून स्वतःचं वजन करायचा साधा डिजिटल काटा पुरतो. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे एवढं शाळेतलं गणित लक्षात असलं की झालं.

तीन आठवडे आधी: आधी कुंड्या काट्यावर

सकाळी कुंडीला खालून पाणी निथळेपर्यंत पाणी द्या, अर्धा तास निथळू द्या आणि कुंडी काट्यावर ठेवा. आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, पाणी घालायच्या आधी, पुन्हा वजन करा. माझ्या मिरचीच्या बारा इंची कुंडीचे आकडे होते ११.२ आणि १०.१ किलो. म्हणजे चोवीस तासांत १.१ लिटर गेलं. यातलं झाड स्वतःकडे फारसं काही ठेवत नाही. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पानांवाटे हवेत जातं, शिवाय काही पाणी मातीच्या पृष्ठभागावरूनच उडतं.

लहान कुंडीचं वजन काटा धड दाखवत नसेल तर कुंडी हातात घेऊन स्वतः काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. सगळ्या कुंड्या मोजायची गरज नाही. मोठी, मध्यम, लहान अशी एकेक घ्या आणि बाकीच्यांचा हिशेब त्यावरून लावा. सगळ्यात जास्त पिणारं झाड मात्र वेगळं मोजा. ते बहुधा टोमॅटो किंवा वांगं निघतं.

माझ्या पंधरा कुंड्यांची बेरीज दिवसाला सोळा लिटरच्या आसपास आली. दहा दिवसांचे १६० लिटर. एवढं पाणी साठवून आपोआप वाटायचं म्हणजे घरात पाणीपुरवठा खातं काढायचं. म्हणून पाण्याची सोय करण्याआधी गरज कमी करायची. हा क्रम बहुतेक जण उलटा करतात.

गरज कमी करायची

सगळ्यात मोठा फरक सावलीने पडतो. ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी, म्हणजे शेडनेट, झाडांच्या शेंड्यांपासून निदान दीड-दोन फूट वर बांधा. झाडांवर टेकली तर हवा अडते आणि पानं भाजतात. जाळी बांधायची नसेल तर कुंड्या अशा ठिकाणी हलवा जिथे सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि बारानंतर सावली. नऊ-दहा दिवस झाडं कमी उजेडात काढतात, पाण्याविना काढत नाहीत.

कुंड्या एकमेकींना चिकटून घोळक्यात ठेवा. मोठ्या, दणकट कुंड्या बाहेरच्या बाजूला, नाजूक आणि लहान आत. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात इतक्या तापतात की कडेची मुळं अक्षरशः शिजतात, त्या आतच हव्यात. मातीची न रंगवलेली कुंडी अंगातून पाणी सोडत असल्याने थंड राहते, पण लवकर सुकतेही. लहान मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरली तर दोन्हीकडचा फायदा मिळतो.

मग आच्छादन. सुका पाला, भुसा, नारळाचा काथ्या, जे हाताशी असेल त्याचा दोन इंच थर. खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडा, नाहीतर तिथे ओल धरून खोड सडतं. आच्छादन घालायच्या आधी माती पूर्ण भिजलेली हवी. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेली माती एकदा कोरडीठाक झाली की पाणी पिईनाशी होते. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं भिजली. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बसवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत.

या तीन आठवड्यांत काय करायचं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. खत घालायचं नाही. विशेषतः नत्राचं तर नाहीच. त्याने कोवळी पालवी फुटते, ती जास्त पाणी मागते आणि तिच्यावर मावा ही रस शोषणारी कीड धावून येते. कुंडी बदलायची नाही. फार छाटायचं नाही, फक्त पिवळी पानं, लोंबणारे शेंडे आणि अर्धवट फुलं काढायची. टोमॅटोची फुलं खुडताना जीव वर-खाली होत असेल तर एक लक्षात घ्या: दिवसा पस्तीसच्या वर आणि रात्रीही चोविसाच्या वर तापमान राहिलं तर तसंही फळ नीट धरत नाही.

पानांची मागची बाजू बघा, जमलं तर भिंगाने. लाल कोळी या बारीक किडीला कोरडी, गरम हवा फार मानवते. तिशीच्या तापमानात आठवड्याभरात त्याची नवी पिढी तयार होते, आणि तुम्ही तर कुंड्या एकमेकींना चिकटवून त्याला पूल बांधून दिलेला असतो. बारीक जाळी किंवा पानावर फिकट ठिपके दिसले तर पानांच्या मागून जोरदार पाण्याने दोन-तीन दिवस धुवा. फार लागण झालेलं झाड घोळक्यात घेऊ नका, मग ते कितीही लाडकं असो.

हे सगळं झाल्यावर मिरची पुन्हा काट्यावर चढली. आता दिवसाला ०.६ लिटर. पंधरा कुंड्यांचे मिळून नऊ लिटर. दहा दिवसांचे नव्वद. हे शंभर लिटरच्या पिंपात मावतं.

पाणी पोचवायचं कसं

उलट्या बाटलीचं मी वर सांगितलंच. ती कधी तासाभरात रिकामी होते, कधी तोंडाशी माती बसून दहा दिवस तशीच भरलेली राहते. मध्ये एखाद्या रात्रीपुरती ठीक, दहा दिवसांचा भरवसा नको.

वातीची पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. बोटाएवढ्या जाडीची सुती दोरी घ्या. नवी दोरी कांजीमुळे पाणी धरत नाही, म्हणून आधी गरम पाण्यात साबण घालून उकळा आणि स्वच्छ धुवा. एक टोक कुंडीच्या मातीत तीन-चार इंच खोल, मुळांजवळ पुरा. काडीने भोक करून त्यात दोरी सरकवायची आणि माती घट्ट दाबायची. दोरी आणि माती यांच्यात हवा राहिली तर पाणी तिथेच थांबतं. दुसरं टोक बादलीच्या तळाशी, त्याला एखादा जड नट बांधून. मधला उघडा भाग पातळ नळीतून न्या किंवा प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर पाणी कुंडीत पोचायच्या आधीच हवेत उडतं. शेवटी दोरी ओली करा आणि कुंडीला नेहमीसारखं भरपूर पाणी द्या. कोरडी वात कोरड्या मातीत काहीच ओढत नाही.

बादली कुठे ठेवायची यावर सगळं अवलंबून आहे. पाण्याची पातळी कुंडीतल्या मातीच्या जरा खाली राहिली तर दोरी हळूहळू, मातीला हवं तेवढंच ओढते. एका वितीपेक्षा जास्त खाली गेली तर ओढ कमी पडते, म्हणून उंच बादलीपेक्षा पसरट टब बरा. आणि बादली कुंडीच्या वर, स्टुलावर ठेवली तर वातीचा वक्रनळा होतो, पाणी स्वतःच्या वजनाने वाहायला लागतं आणि दोन दिवसांत सगळं कुंडीतून फरशीवर. बादलीच्या आत पेनाने पाण्याची रेघ मारा आणि चोवीस तासांनी बघा. मिरचीला ०.६ लिटर हवंय आणि ०.३ च उतरलं, तर दुसरी वात लावा.

मोठ्या कुंडीला किंवा वाफ्याला मडकं पुरा. भाजलेल्या मातीचं, आतून-बाहेरून चकाकी नसलेलं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत, तोंडावर झाकण. माती सुकली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढते, ओली असेल तर ओढ मंदावते. ही युक्ती चीनमधल्या इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात नोंदलेली आहे, म्हणजे दोन हजार वर्षं तरी चालत आलेली. अडचण एकच: लहान मडकं उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत रिकामं होतं, मध्ये कोणीतरी भरावं लागतं.

ठिबक आणि टायमर लावणार असाल तर दोन गोष्टी विकत घेण्याआधी बघा. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. तुमचं पिंप झाडांपेक्षा एक मीटर वर असेल तर हातात फक्त ०.१ बार. बरेच टायमर एवढ्या दाबाला उघडतच नाहीत, त्यामुळे कमी दाबावर, टाकीवर चालणारा टायमर मागून घ्या. दुसरं, ड्रिपरवर, म्हणजे नळीवरच्या थेंब पाडणाऱ्या तोटीवर, '२ लिटर प्रति तास' असं छापलेलं असलं तरी कमी दाबाला तेवढं पडत नाही. पंधरा मिनिटं ड्रिपरखाली पेला धरा आणि मोजा, पहिल्या आणि शेवटच्या कुंडीखाली वेगवेगळा. शेवटच्या कुंडीवर अन्याय झालेला असतो.

आणि एक सावधगिरी: ठिबक घराच्या मुख्य टाकीला जोडून जाऊ नका. नळीचा एक सांधा निसटला की घराची टाकी रिकामी आणि खालच्या मजल्यावर तुमचं नाव. वेगळ्या पिंपाला जोडलं तर नुकसान जास्तीत जास्त शंभर लिटर.

साठवलेलं पाणी झाका. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे नेमकी तुमची सहल. पिंपाला घट्ट झाकण, टबावर दोरीपुरती फट ठेवून बारीक जाळी, आणि कुंड्यांखालच्या उघड्या बशा उचलून ठेवा. बशीत पाणी साठवून जाण्याचा सल्ला बरेच जण देतात, मी देणार नाही.

इतकं करूनही एक माणूस लागतोच. पण त्याला रोज पाणी घालायला सांगू नका. चौथ्या आणि सातव्या दिवशी या, पिंपाची पातळी बघा, मडकं भरा, भेंडी-काकडी तयार असेल तर काढून घेऊन जा, एवढंच कागदावर लिहून द्या. भेंडी दोन दिवसांत जून होते आणि जून शेंगा झाडावर राहिल्या की झाड नवी फुलं धरायचं कमी करतं. म्हणजे शेंगा नेणारा तुमच्यावरच उपकार करत असतो.

आता स्वतः काट्यावर

सकाळी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर नेहमीच्या वेगाने सायकल चालवा, प्रवासात जे ऊन असेल तशाच उन्हात. परत आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन. मी ६८.० वरून ६७.१ वर आलो आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलो होतो. म्हणजे घाम १.४ लिटर. माझ्या मित्राचा त्याच रस्त्यावर, त्याच तासात ०.८ लिटर. हा आकडा कळेपर्यंत "मी सारखा का थांबतो" यावरून आमचे खटके उडायचे.

घामाएवढंच पाणी तासागणिक प्यायलंच पाहिजे असं नाही, तेवढं पोटात राहतही नाही. शरीराच्या वजनात दोन टक्क्यांहून जास्त घट होऊ द्यायची नाही, त्यापुढे पाय जड पडतात आणि डोकं मंदावतं. माझ्यासाठी ती मर्यादा १.३ किलो. उलट, चार तासांच्या रपेटीनंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पीत आहात. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं. म्हणून काही पाणी मीठ-साखरेचं असू द्या: एक लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर ते ओता आणि पुन्हा करा, चालवून घेऊ नका.

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. रोज तास-दीड तास उन्हात चालवलं की घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि त्याच चढाला नाडी कमी धावते. थंड खोलीत बसून नुसत्या व्यायामाने हे होत नाही. म्हणून सहल महिन्याअखेर असेल तर पंधरवडाभर आधी सुरुवात करा, पहिले तीन दिवस अगदी हळू. झाडं सावलीत सरकवायची आणि आपण उन्हात सरकायचं, असा हा पंधरवडा.

सायकल

सीटची उंची आधी. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल तळाला असताना पाय सरळ व्हायला हवा. मग पंजाने चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. बदल करायचा तर एका वेळी पाच मिलिमीटर, आणि सहलीच्या आठवड्यात अजिबात नाही.

नव्या चेनच्या २४ कड्या पिनपासून पिनपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. पट्टी लावा. शेवटची पिन १२ इंचांच्या पुढे १/१६ इंच गेली असेल तर चेन बदला, नाहीतर मागचे गिअरही तीच घेऊन जाईल. ब्रेक पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर पॅड बदला. चाक उचलून फिरवा आणि आऱ्या जोडीजोडीने चिमटा, एखादी ढिली लागली तर मेकॅनिककडे. टायरची हवा कडेला छापलेल्या मर्यादेत, सामान असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त.

सामान कॅरिअरवर, पाठीवर नको. पाठपिशवीने पाठ भिजते, खांदे आणि त्यापेक्षा जास्त बूड दुखतं. जड वस्तू पॅनिअरच्या, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगांच्या, तळाला आणि दोन्ही बाजूंना सारख्या. बॅगा त्याच काट्यावर ठेवा. दहा किलोच्या पुढे गेल्या तर उघडा आणि बाहेर काढा. थॉमस स्टीव्हन्स १८८४ ते १८८६ मध्ये उंच चाकाच्या सायकलवर जग फिरला तेव्हा त्याच्याकडे पायमोजे, एक जादा शर्ट, तंबूचंही काम करणारा रेनकोट आणि एक पिस्तूल होतं. पिस्तूल सोडून बाकी यादी वाईट नाही.

पॅडिंगची चड्डी दोन, आत दुसरं काही घालायचं नाही, आणि रोज रात्री धुवायची. यावर तडजोड केली की तिसऱ्या दिवशी बसता येत नाही. हेल्मेट, बाहीचा सैल हलका शर्ट, पुढचा-मागचा दिवा. पाण्यासाठी दोन ७५० मिलिलिटरच्या बाटल्या आणि पॅनिअरमध्ये आणखी दीड लिटर. माझ्या घामाच्या आकड्याला हे तीन लिटर दोन तासांहून थोडं जास्त पुरतात, म्हणून नकाशावर पाण्याच्या जागांमध्ये तीस किलोमीटरहून जास्त अंतर दिसलं की आम्ही तिथे लाल खूण करतो.

पंक्चर घरी काढून बघा, रस्त्यावर पहिल्यांदा नको. चाक काढा, टायर लिव्हरने, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीने, एक बाजू सोडवा, ट्यूब बाहेर काढा. आता नवी ट्यूब टाकायची घाई होते, तिथे थांबा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, व्हॉल्व जुळवून ट्यूब टायरवर ठेवा आणि भोकासमोरची टायरची जागा बघा. काटा किंवा तारेचा तुकडा तिथेच रुतलेला असतो. एक चिंधी टायरच्या आतून फिरवा, जिथे अडकेल तिथे काहीतरी आहे. हे न करता मी एकदा वीस मिनिटांत दोन ट्यूब घालवल्या. नवी ट्यूब आत घालण्याआधी तिच्यात गोल आकार येईल इतपतच हवा भरा, आणि टायर शेवटी हाताने बसवा. लिव्हरने दाबलं की ट्यूब चिमटते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

मित्र

मित्र चांगला असणं पुरत नाही. नऊ दिवस रोज तेरा-चौदा तास एकत्र म्हणजे संसारच. निघण्याआधी चार गोष्टी तोंडाने बोलून घ्या: पैसे कसे वाटायचे, पहाटे किती वाजता उठायचं, फोटोसाठी थांबायचं की नाही, आणि एकाला पुढे जायचं नसेल तर काय. शेवटची सगळ्यात अवघड. आमचा नियम असा की "आज बस" म्हटलं की कारण विचारायचं नाही. जेवून झाल्यावर विचारायचं.

वेग हळू चालणाऱ्याचा. चढावर तोच पुढे. मागे राहिला की तो धापा टाकत पाठलाग करतो, आणि तुम्ही वर थांबून ताजेतवाने होता आणि तो पोचताच "चल" म्हणता. त्याला विश्रांतीच मिळत नाही. समोरून वारा असेल तर दर दहा मिनिटांनी पुढचा बदला. उतारावर अंतर ठेवा, भरलेली सायकल लवकर थांबत नाही. प्रत्येक फाट्यावर थांबून एकमेकांना बघायचं, मग वळायचं.

सामानाची वाटणी करताना आम्ही एकदा फार हुशारी केली होती. पंप माझ्याकडे, ट्यूब आणि पॅच त्याच्याकडे, वजन अगदी समसमान. मग चुकामूक होऊन आमच्यात सहा किलोमीटरचं अंतर पडलं आणि माझं चाक बसलं. रस्त्याकडेला हातात पंप घेऊन मी पाऊण तास उभा. तेव्हा तंबू, स्टोव्ह, चेनचं तेल वाटून घ्या. पण ट्यूब, पंप, पाणी, थोडे पैसे आणि ओळखपत्र ज्याचं त्याच्याकडे.

रंगीत तालीम

निघायच्या आठ-दहा दिवस आधी पूर्ण सामान लादून एका रात्रीची सहल करा. त्याच वेळी घरी वाती आणि ठिबक चालू, नळाला कोणी हात लावायचा नाही. एका खेपेत दोन्हींची परीक्षा. आमच्या तालमीत एका पॅनिअरचा हूक दर खड्ड्याला सुटतो हे कळलं आणि घरी एका टबातली वात पाण्याच्या वर तरंगताना सापडली, नट बांधायचाच राहिला होता. दोन्ही दुरुस्त्या पाच-पाच मिनिटांच्या. पाचव्या दिवशी कळल्या असत्या तर?

रस्त्यावरचे दिवस

सामान घेऊन सपाटीला ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा वेग चांगला. पहिला दिवस ४५ किलोमीटर, पुढे ६५, आणि दर चौथा दिवस निम्मा. आमच्या नऊ दिवसांची बेरीज ४८० झाली. जास्त करता आलं असतं, पण मग बघितलं काय असतं?

उजाडता उजाडता निघा, साडेदहा-अकराला सावलीत थांबा. मधले चार-पाच तास झोप, कपडे धुणं, चेन पुसणं. राहिलेलं अंतर संध्याकाळी, अंधार पडायच्या आत. सनस्क्रीन दर दोन तासांनी, कानांच्या मागे आणि मानेवरही. हाताची करंगळी बधिर व्हायला लागली तर हँडलवरची पकड बदलत राहा. तहान लागायची वाट न बघता घोट घोट, आणि लघवीचा रंग गडद दिसला तर पुढचा टप्पा लहान करा.

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, भरपूर घाम ही उन्हाने दमल्याची लक्षणं. सावलीत आडवं करा, पाय वर, ओलं फडकं, मीठ-साखरेचं पाणी. आणि त्या दिवशी पुढे जायचं नाही. पण मित्र असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. शरीराचं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असतं. आधी रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर मिळेल ते पाणी ओतत राहा, कपडे काढा, वारा घाला. जवळचं सगळं पिण्याचं पाणी संपलं तरी ओता. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. हे दोघांनीही निघण्याआधी वाचलेलं हवं, कारण ज्याला होतं त्याला ते कळत नाही.

निघायच्या दिवशी आणि परतल्यावर

निघायच्या आदल्या संध्याकाळी तयार असलेली सगळी फळं, अगदी अर्धी पिकलेलीसुद्धा, काढून घ्या. टोमॅटोला रंग फुटायला लागला असेल तर तो घरात पिकतो. पहाटे सगळ्या कुंड्यांना निथळेपर्यंत पाणी द्या, टायमरची बॅटरी नवी घाला, पिंपाचा फोटो काढा म्हणजे येणाऱ्याला पातळी कळेल.

परत आल्यावर झारी घेऊन धावू नका. आधी बोट मातीत दोन इंच घालून बघा. ओलसर असेल तर त्या दिवशी पाणी नको. टोमॅटो सुकल्यासारखा असेल तर थोडं थोडं द्या, एकदम भरपूर दिलं की झाडावरची फळं तडकतात. दुपारी पानं मान टाकलेली आणि संध्याकाळी टवटवीत, हे उन्हाचं काम. सकाळीच मान टाकलेली असेल तर मात्र मुळांकडे बघा. सावलीतली झाडं चार-पाच दिवसांत हळूहळू उन्हात सरकवा, नाहीतर एका दुपारीत पानं पांढरी पडतात. खत आठवडाभराने.

मागच्या वेळी पुदिना जरा विरळ झाला होता, भेंडीवर दोन जून शेंगा शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटल्या होत्या, त्या मी बियांसाठी तशाच ठेवल्या. मिरचीची कुंडी काट्यावर १०.७ भरली. आणि पिंपात अठरा लिटर पाणी उरलं होतं. त्यात एक बादली फडक्यांना आणि एक खळबळायला, अशा दोन सायकली आरामात धुऊन झाल्या. तेलाचं पाणी तेवढं कुंड्यांपासून लांब ओता.